चांगला डोळा आधी

डॉ. शरयू खांबेटे उभ्याने कुणाशी बोलल्याचे मला आठवत नाही. समोरचा बसलेला असेल तर त्या बसत. समोर लहान मूल असेल तर आणखी खाली बसत. आणि एखादा उंच माणूस उभाच राहिला, तर "बसा हो, नाहीतर मला तुमच्या नाकपुड्यांशी बोलावं लागेल," असे सांगून त्यालाच बसवीत. नजर नजरेच्या पातळीला आल्याखेरीज त्यांचे संभाषण सुरू होत नसे. सारी हयात त्यांनी नेत्रतज्ज्ञ म्हणून काढली होती. घर कॅनडात, विंडसरला आणि दवाखाना नदीपलीकडे अमेरिकेत. निवृत्त होताना दवाखान्यातून त्यांनी एकच वस्तू घरी आणली: तपासणीच्या खोलीतले काळ्या रेक्झिनचे, चाकांचे, खालीवर होणारे स्टूल. ते त्यांनी स्वयंपाकघरात ठेवले. दोन्ही गुडघे झिजलेले असल्यामुळे त्या त्यावर बसूनच गॅसकडून सिंककडे आणि सिंककडून फ्रिजकडे सरकत. फोडणी करपायच्या आत कढीलिंब आणून टाकण्याचा त्यांचा वेग पाहण्यासारखा होता.

मी पुण्याहून मास्टर्ससाठी आले ती त्यांच्या बेसमेंटमध्ये भाडेकरू म्हणून. पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हटले.

"काकू व्हायला आधी काका लागतो," त्या म्हणाल्या. "तो मी केला नाही. डॉक्टर म्हण."

पुढे मला तिथेच नोकरी लागली. गाड्यांच्या आरशांच्या जागी बसवायच्या कॅमेऱ्यांची चाचणी घेणारी ती प्रयोगशाळा होती. नोकरी लागल्यावरही मी बेसमेंट सोडले नाही. त्याला कारण डॉक्टरांची विचार करण्याची पद्धत. तिचे सूत्र चार शब्दांचे होते: चांगला डोळा आधी तपासायचा.

"दुखऱ्या डोळ्याला आधी हात लावलास की माणूस दचकतो," त्या समजावीत. "चांगला आधी तपासला की त्याला धीर येतो, आणि त्या माणसाचं नॉर्मल म्हणजे काय, ते आपल्याला कळतं."

प्रयोगाच्या भाषेत याला कंट्रोल म्हणतात. पण मी हे तत्त्व उपकरणांना लावत होते. डॉक्टर ते सगळ्यांना लावीत. मी केलेली आमटी चाखून त्या म्हणत, "मीठ अगदी बेतशीर. हं, आता बाकीचं बोलू या."

लोरेटा ही त्यांच्या दवाखान्याची रिसेप्शनिस्ट. दवाखाना बंद झाला तरी त्यांची मैत्री चालू राहिली. डॉक्टर दर आठवड्याला चिवडा नाहीतर लाडू घेऊन पूल ओलांडून तिच्याकडे जात. लोरेटा राहत असे ती काउंटी, म्हणजे तिकडचा जिल्हा, डेट्रॉइटच्याही पलीकडची. तिचे नाव सांगण्याची गरज नाही. तिची मुलगी टाशा तिथल्या जेलमध्ये होती. गुन्हा शाबित झालेला नव्हता. आपल्याकडे ज्यांना कच्चे कैदी म्हणतात, त्यांतली ती एक. जामीन झाला नव्हता आणि खटला लांबत चालला होता. टाशाची पाच वर्षांची मिया आजीजवळ राहत होती.

त्या जेलमधल्या समोरासमोरच्या भेटी शेरीफने बंद केल्या होत्या. मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाची खुर्ची. तिकडचा शेरीफ म्हणजे काउंटीचे पोलिस आणि जेल हातात असलेला, लोकांनी मते देऊन निवडलेला अधिकारी. त्याने भेटीच्या खोलीला कुलूप लावून जेलच्या दर्शनी हॉलमध्ये पडदे बसवले होते. नातेवाइकांनी इकडच्या पडद्यासमोर बसायचे, कैद्याने आतल्या. इमारत एकच, मधे भिंती.

लोरेटाला काचबिंदू असल्यामुळे गाडी चालवणे जड जाई, म्हणून एकदा डॉक्टर तिला आणि मियाला जेलवर घेऊन गेल्या. परत आल्या त्या सरळ बेसमेंटचा जिना उतरून माझ्याकडे. ते गुडघे घेऊन त्या कधी खाली येत नसत.

"अगं अवनी, तुझ्या त्या कॅमेऱ्यांचं मला सांग. मिया म्हणते, ममी इज मॅड ॲट मी. का, तर शी वोन्ट लुक ॲट मी. मी तिच्या मागे बसले होते. पोरगी बरोबर सांगतेय. टाशाने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही."

मी कागदावर आकृती काढली. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला असतो आणि माणसाचा चेहरा पडद्याच्या मध्यावर दिसतो. मधे वीतभर अंतर. टाशा मियाच्या चेहऱ्याकडे बघते, तेव्हा कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती खाली बघत असते. मियाला दिसते ती खाली मान घातलेली आई.

"म्हणजे दोघी एकमेकींकडेच बघतायत, आणि दोघींनाही वाटतंय की दुसरी बघत नाही."

"हो."

"उपाय?"

"टाशाने पडद्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघायचं. मियाला वाटेल, आई आपल्याकडे बघतेय."

डॉक्टरांनी पुढच्या खेपेला तसे सांगितले आणि तो उपाय पहिल्याच दिवशी लागू पडला. मिया हसली, नाचली, आईला गाणे म्हणून दाखवले. भेट संपेपर्यंत टाशा त्या काळ्या ठिपक्याकडे टक लावून बसली. लोरेटाने डॉक्टरांना मिठी मारली. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

काही आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा जेलवर गेल्या. त्या परतल्यावर स्टूल जागचे हलले नाही.

"टाशाने मला विचारलं, मियाचा दात कधी पडला?" त्या म्हणाल्या. "समोरचा दात, अवनी. तो पडून कितीतरी दिवस झालेत. पोरगी दर खेपेला तिच्यासमोर बसून बोलत होती. पण ती बघत होती ठिपक्याकडे. मी सांगितलं म्हणून."

मी म्हटले, "डॉक्टर, हा कॅमेऱ्याच्या जागेचा दोष आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होणं शक्यच नाही."

"ते कळलं मला. एकीला दिसावं म्हणून मी दुसरीचे डोळे बांधले." मग स्टूल गर्रकन फिरवून त्या म्हणाल्या, "हा शेरीफ पुन्हा निवडणुकीला उभा आहे ना? या खेपेला तो पडला पाहिजे."

कैद्यांच्या हक्कांसाठी झटणारा एक लहानसा गट त्या काउंटीत होता. बहुतेक कैद्यांच्या आया, दोन निवृत्त शिक्षक आणि एक वकील. भेटीची खोली उघडण्याचे वचन देणाऱ्या दुसऱ्या उमेदवारासाठी ही मंडळी घरोघर फिरत. डॉक्टर त्यांच्यात सामील झाल्या. त्यांना तिथे मत नव्हते. त्या कॅनडाच्या नागरिक. वकिलाने त्यांना समोर बसवून नियम सांगितला: परदेशी माणसाने फुकट श्रम द्यायला हरकत नाही, पैसा किंवा पैशाच्या मोलाची वस्तू मात्र द्यायची नाही.

"म्हणजे मंडळींसाठी चिवडासुद्धा नाही?"

वकील विचारात पडला. "कितीसा चिवडा?"

"आमच्यात कितीसा चिवडा नसतो."

"मग नकोच, डॉक्टर."

कुणाच्या दारात रिकाम्या हाताने न जाणाऱ्या या बाईला दोन ऋतू रिकाम्या हाताने जावे लागले. त्यांनी नियमाची एकही चोरवाट शोधली नाही. पण तो त्यांना लागला फार. पुलावरच्या अमेरिकन अधिकाऱ्याने एकदा विचारले, कशासाठी चाललात? गाडी मी चालवत होते.

"एका शेरीफला पाडायला," डॉक्टर म्हणाल्या.

अधिकारी खिडकीपाशी वाकला.

"मतांनी," डॉक्टरांनी खुलासा केला. "घरोघर जाऊन बोलणार. फुकट."

"बरोबर काही नेताय?"

"काही नाही. त्याचीच तर लाज वाटते."

त्याने पासपोर्ट परत दिले. हसू दाबायला त्याला कष्ट पडत होते.

प्रचारात डॉक्टरांनी जी चूक केली, ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. त्यांनी चांगला डोळा आधी तपासला. दार उघडले की त्या सुरुवात करीत: शेरीफसाहेबांनी जेलचे स्वयंपाकघर सुधारले, रात्रपाळीला नर्स ठेवली, कैद्यांना शाळेची परीक्षा देण्याची सोय केली. त्या दुखऱ्या डोळ्याकडे वळेपर्यंत ऐकणाऱ्याचा निर्णय झालेला असे. स्लिपर घातलेले एक आजोबा तर भारावून म्हणाले, "एवढं काम करतो हा? मला ठाऊकच नव्हतं! त्याच्या नावाची पाटी आहे का तुमच्याकडे? अंगणात लावतो."

फुटपाथवर उभ्या असलेल्या लोरेटाने कपाळाला हात लावला. "डॉक, खरं सांग, आज सकाळपासून किती मतं मिळवून दिलीस त्याला?"

"पण जे सांगितलं ते खरं आहे ना?"

"खरं आहे. पण ते सांगायला त्याची माणसं आहेत की!"

"लोरेटा, बाकीचं झाकून केलेलं निदान चुकतं. आणि ते पेशंटलाही कळतं."

अखेर तडजोड झाली: चांगल्या डोळ्यासाठी एकच वाक्य. आणि मग मला एक आश्चर्य दिसू लागले. ते एक वाक्य ऐकून लोक दार थोडे अधिक उघडत. विरोधकाच्या तोंडून स्तुती ऐकायची सवय कुणालाच नव्हती. सगळेच मवाळ झाले असे नाही. ट्रक धुणारा एकजण खेकसला, "कॅनडातून येऊन आम्हाला शिकवता?"

"तीस वर्षं तुमचे मोतीबिंदू काढायला येत होते, तेव्हा कुणी नाही विचारलं," डॉक्टर म्हणाल्या आणि बसायला जागा शोधू लागल्या. त्याने मुकाट्याने बादली पालथी करून दिली.

निवडणुकीच्या आधी एका शाळेच्या जिममध्ये उमेदवारांची सभा झाली. शेरीफ उंच, थकलेला, बोलायला सभ्य होता. त्याची कारणे खोटी नव्हती: पहारेकरी कमी, आणि भेटीच्या वाटेने आत येणारी अमली द्रव्ये. लोरेटाने आपली प्रश्नाची पाळी डॉक्टरांना दिली. डॉक्टर पुढे गेल्या त्या स्टूल ढकलत.

"हे माझं आहे. मी ते परत नेणार आहे," त्यांनी वकिलाकडे बघत जाहीर केले. जिम हसले.

मी दोन लॅपटॉप जोडले होते. एक शेरीफसमोर, दुसरा जिमच्या दुसऱ्या टोकाला, कापडी आडोशामागे बसलेल्या लोरेटासमोर. लोरेटाला दिसणारा शेरीफचा चेहरा प्रोजेक्टरने भिंतीवर मोठा दिसत होता.

"रात्रपाळीला नर्स ठेवलीत, फार चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "आता या स्टूलावर बसा आणि लोरेटाकडे बघून तिला हॅलो म्हणा."

तो पडद्यावरच्या लोरेटाकडे बघून हॅलो म्हणाला. भिंतीवरच्या शेरीफची नजर खाली होती, काही लपवणाऱ्या माणसासारखी. लोक कुजबुजले. त्याने भिंतीकडे बघितले आणि तोही चमकला.

"तुमच्या मनात तसं नव्हतं, मला माहीत आहे. आता कॅमेऱ्याकडे बघा. नजर हलवू नका. तिच्याशी बोला."

तो कॅमेऱ्याकडे बघत बोलू लागला. भिंतीवरचे डोळे आता थेट आमच्याकडे बघत होते. काही वेळाने डॉक्टरांनी त्याला थांबवले.

"तुम्ही बोलत होता तेव्हा लोरेटाने हातात काय धरलं होतं?"

त्याची नजर आता पडद्यावर गेली.

"तिच्या नातीने काढलेलं चित्र. ती ते सगळा वेळ तुमच्यासमोर धरून होती."

"मी कॅमेऱ्याकडे बघत होतो, डॉक्टर."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "टाशासुद्धा."

जिममध्ये कुणी टाळी वाजवली नाही. शेरीफ स्टूलावरून लगेच उठला नाही. माझे शिक्षण मला सांगते की एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये. पण त्याहून स्वच्छ प्रयोग मी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलेला नाही. आकृती मी काढली होती. तिचा अर्थ त्या माणसाच्या डोळ्यांत उतरवणे मला जमले नसते.

शेरीफ निवडून आला. थोड्या मतांनी, पण आला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून परतले, तर घरभर चिवड्याचा वास. डॉक्टर कढईसमोर स्टूलावर बसलेल्या.

"रडलात का?" मी विचारले.

"मिरच्यांनी," त्या म्हणाल्या. चिवडा हलवून पुढे म्हणाल्या, "पेशंटने ऑपरेशनला नकार दिला. तो त्याचा हक्क आहे. थेंब चालू ठेवायचे. तो मोठा डबा काढ. निवडणूक संपली, आता मला कोण अडवतंय बघू."

त्या हिवाळ्यात त्या आठवडा न चुकवता पलीकडे जात राहिल्या. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून त्यांची गाडी मी काढून देत असे. टाशा आणि मियाने मिळून एक रीत ठरवली होती. गाणे चालू असेपर्यंत आई ठिपक्याकडे बघणार. गाणे संपले की मियाने डोळे मिटायचे, आणि मग आईने तिला पोटभर बघून घ्यायचे. ही युक्ती डॉक्टरांची नव्हती, त्या दोघींची होती. ती मला सांगताना डॉक्टरांनी चष्मा पुसला.

वसंतात शेरीफने भेटीची खोली शनिवारी सकाळपुरती उघडली, फक्त लहान मुलांसाठी. मधे काच, पण समोरासमोर. का उघडली, ते त्याने सांगितले नाही. मी डॉक्टरांचे अभिनंदन केले.

"त्याचं कर," त्या म्हणाल्या. "तो त्याचा चांगला डोळा."

पहिला शनिवार फुकट गेला. काचेसमोरची लोखंडी बैठक मोठ्या माणसांच्या मापाची आणि जमिनीला ठोकलेली होती. मियाचे डोळे जेमतेम खिडकीच्या कडेपर्यंत पोचले. तिला आईचे नुसते केस दिसले. लोरेटाच्याने तिला फार वेळ उचलवेना. गाडीत बसल्यावर मिया म्हणाली, "द टीव्ही वॉज बेटर."

त्या आठवड्यात डॉक्टरांनी मला पाना आणायला लावला. चाके असलेली वस्तू आत नेऊ देणार नाहीत, म्हणून मी स्टूलाची पाचही चाके काढली आणि रबरी पाय बसवले. मी काम करत असताना डॉक्टर समोर खुर्ची ओढून बघत होत्या. मी म्हटले, "नवीन घेऊ या ना, डॉक्टर. सहज मिळेल."

"हे मला ठाऊक आहे. पोरं यावर घाबरत नाहीत."

शनिवारी जेलच्या हॉलमध्ये पहारेकरी स्टूल आत घ्यायला तयार होईना. त्याने फोन केला. थोड्या वेळाने शेरीफ स्वतः बाहेर आला, स्टूलाकडे बघून थांबला.

"हे मी ओळखतो."

"या वेळी परत नेणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"हे माझ्या प्रचाराला दान समजायचं का?"

"निवडणूक संपली, शेरीफ. आता माझ्या हातात काहीही असू शकतं."

तो हसला नाही. त्याने स्टूल उलटे करून तपासले, रबरी पाय दाबून पाहिले आणि स्वतःच उचलून आत नेले. त्याच्या मागोमाग लोरेटा आणि मिया गेल्या. नातेवाईक नसलेल्या आम्हा दोघींना दाराच्या आत प्रवेश नव्हता. बंद पडद्यांच्या रांगेसमोर आम्ही बसून राहिलो.

लोरेटा बाहेर आली. डॉक्टरांनी विचारले, "काय बोलल्या?"

"काही नाही गं डॉक. एक शब्द नाही. बघत बसल्या."

वर्षभराने मला कॅनडातल्याच केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात चांगली नोकरी मिळाली. टाशा तेव्हा सुटून घरी आलेली होती. स्टूल मात्र जेलमध्येच राहिले. दर शनिवारी कुणाचे ना कुणाचे मूल त्यावर बसत होते. डॉक्टरांनी स्वतःसाठी दुसरे आणले नाही. मी निघाले त्या सकाळी स्वयंपाकघरातून पावलांचा आवाज येत होता: गॅसपासून सिंकपर्यंत, थांबून, सिंकपासून फ्रिजपर्यंत. स्टूल घरात होते तोवर तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. त्या पुऱ्या तळत होत्या, उभ्याने.

मी गाडीत बसले. त्या डबा घेऊन ड्राइव्हवेवर आल्या. मी उतरायला लागले, तशी त्यांनी हाताने थांबवले. मग दाराच्या कडेला धरून, एक गुडघा, मग दुसरा, असे सावकाश वाकत त्या खाली आल्या. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले, आणि तेव्हाच त्या बोलल्या.

"हं. आता सांग, पोचल्यावर फोन करशील ना?"